आपांच्या न्हाणीतला हंस

मी जे भोपळे लावतो ते खाता येत नाहीत. ते इतके कडू असतात की गल्लीतल्या एका बकरीनं एकदा एकाला तोंड लावलं, ती अजून आमच्या दारावरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरते. हे भोपळे नुसते बघायचे असतात. एक अर्धा पिवळा आणि अर्धा हिरवा, जणू रंगाच्या दोन डब्यांत बुडवून काढलेला. एक अंगभर चामखिळी आलेला. आणि सगळ्यांत देखणा म्हणजे हंस : खाली गोल पोट, वर लांब, वाकलेली मान! नांदेडच्या उन्हात शाळेतले चित्रकलेचे तास उरकून आलो, की मी चहा घेऊन वेलाच्या मांडवाखाली बसतो आणि एकेकाला बोटानं हळूच वळवून बघतो. (सुनीताचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं आहे की तिच्याकडं मी असं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.)

नायगावला शेती करणारा माझा मेहुणा एकदा आला. मांडव फिरून बघितल्यावर त्यानं विचारलं, "दाजी, एवढं खतपाणी करून ऱ्हायलेत, अन् शेवटी नुसतं बघायचं?" मी हो म्हणालो. मग तो बहिणीला बाजूला घेऊन बराच वेळ हळू आवाजात काहीतरी विचारत होता.

आमच्या आणि शेजारच्या शमीमआपांच्या घरांमध्ये एक अरुंद बोळ आहे. गेल्या वर्षी हंसाच्या वेलानं तो बोळ ओलांडला आणि एक फांदी थेट आपांच्या न्हाणीच्या उंच खिडकीपाशी गेली. तिथं एक लिंबाएवढं फळ गजांमधून आत शिरलं आणि आतल्या आत वाढू लागलं. मला कळलं तोवर त्याचं पोट कळशीएवढं झालं होतं. मी माफी मागायला गेलो, तर आपा म्हणाल्या राहू द्या. त्यांचे मियाँ त्याच्या मानेवर टॉवेल अडकवू लागले होते. फक्त आंघोळ करताना कुणीतरी पाहुणा आल्यासारखं वाटतं, एवढीच आपांची तक्रार होती.

मग आपांच्या मुलीला, नसरीनला, बघायला लातूरचे पाहुणे येणार असं ठरलं. त्या दिवशी सकाळी आपा स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "सर, पाहुणे यायच्या आत तुमचा हंस तेवढा घेऊन जा."

मी बोळात शिडी लावली. न्हाणीत कुणी नाही ना, हे तीनतीनदा विचारून घेतलं. सुनीतानं खालून शिडी धरली, मी उजवा हात गजांतून आत घालून हंसाची मान पकडली आणि डाव्या हातातल्या विळ्यानं बाहेरचा देठ कापला. सगळं वजन एकदम हातात आलं. मी मान वर ओढली. मान आली, पोट गजांपाशी थांबलं. आडवं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. पोट गजांच्या फटीपेक्षा चौपट मोठं आहे, हे चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला देठ कापण्याआधी दिसायला हवं होतं.

आता हात सोडला तर हंस खालच्या फरशीवर पडून फुटणार. कुणीतरी आतून झेलायला हवं होतं. मी आपांना हाक मारणार, तेवढ्यात पलीकडच्या दारात रिक्षा थांबली आणि सलाम-दुवा ऐकू येऊ लागली. पाहुणे लवकर आले होते!

"सोडा तो भोपळा," सुनीता खालून कुजबुजली.

"पिकायला आलाय गं. आत्ता कुठं रंग धरायला लागलाय."

"मग मी शिडी सोडते."

तिनं शिडी सोडली नाही, पण हलवली. हाताला मुंग्या आल्या. घामानं मान निसटायला लागली, म्हणून मी बोटं मिटत-उघडत पकड बदलत राहिलो. एवढ्यात आतलं दार वाजलं. मुलाची आई हात धुवायला आली होती. मला त्या दिसत नव्हत्या. त्यांना मी बोटांपासून कोपरापर्यंत दिसत असणार. नळ सुरू झाला आणि लगेच बंद झाला. बाई ओरडल्या नाहीत. शांतपणे बाहेर गेल्या आणि त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आपा, तुमारी मोरी में कोई भोपला बेचरा."

मग आपा खोल आवाजात म्हणाल्या, "वो हमारे बाजूवाले सर का हाथ है."

"और बाकी के सर?"

"बाहर हैं. सिढी पे."

नसरीनचं लग्न मी मोडलं, असं मला वाटलं. तेवढ्यात हसण्याचा असा काही लोंढा उसळला की खिडकीची काच थरथरली. नवरामुलगा स्वतः धावत न्हाणीत आला, बाह्या सरसावून दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "छोडो सर, मैं हूँ." मी डोळे मिटून हात सोडला. मुलानं हंस छातीशी झेलला. (नसरीननं हे दाराआडून बघितलं आणि तिथंच होकार ठरवला, असं ती आता सांगते.)

हंस बैठकीत शिरखुर्म्याच्या वाट्यांमध्ये जाऊन बसला. मीही हात चोळत गेलो, पण माझ्याकडं कुणी बघेना. सगळे त्याच्या पोटावरून हात फिरवत होते. जाताना मुलाच्या आईनं तो इतक्या सहज मांडीवर घेतला, की मागून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. हंस लातूरला गेला.

नसरीनच्या लग्नाला आम्ही दोघं लातूरला गेलो. मुलाची आई दारातच उभी होती. मी नाव सांगितलं, नांदेडचं सांगितलं, शाळा सांगितली. त्या नुसत्या मान हलवत होत्या. शेवटी मी आहेराची पिशवी पुढं केली, तेव्हा त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. त्यांचा चेहरा उजळला आणि मागं वळून त्यांनी साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी हाक दिली, "आओ रे, हाथ आ गया! इस बार पूरे आये!"