ताईचं माप

आमच्या ताईचं माप कधी चुकत नाही, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. माणूस दारातून आत येईस्तोवर तिला त्याच्या खांद्याची रुंदी कळलेली असायची. टेप लावायची ती नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

मग भावोजींना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, गिळणंही बिघडलं. स्पीच थेरपिस्ट बाईंनी ताईला समोर बसवून सांगितलं, "साधं पाणी यांच्या श्वासनलिकेत उतरतं. पेलाभर पाण्यात या पावडरीचे दोन सपाट चमचे घालायचे, दाट करायचं आणि चमच्याचमच्यानं पाजायचं."

ताई सुरीच्या पाठीनं चमच्यातली पावडर काठाबरोबर सपाट करायची. मी चिडवायचो, "ताई, तुरुंगातसुद्धा पाणी साधं देतात गं."

"तू गप रे. तुझ्या जिभेला हाड नाही."

एका दुपारी मला घरी बसवून ती शिवलेले कपडे पोचवायला गेली. भावोजींनी चांगल्या हातानं नळाकडे बोट केलं. "पा... पा..." डोळे भरून आले होते. महिनाभर तो चिकट लगदा गिळणाऱ्या माणसाची मला दया आली. खरं सांगायचं, तर ताईपेक्षा मीच मायाळू, असंही वाटून गेलं. मी पेला भरून दिला. ते घटाघटा प्याले. ठसकासुद्धा लागला नाही. मी पेला विसळून जागेवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "पातळ काही दिलं होतं का? अशा माणसाला ठसका लागतोच असं नाही. गुपचूप आत जातं."

ताईनं आपल्या हातांकडे पाहिलं. "माझंच माप चुकलं असेल," ती म्हणाली.

एरवी घर डोक्यावर घेणारा मी मूग गिळून बसलो.

भावोजी वाचले. ताईनं मात्र कात्री बाजूला ठेवली. आधी एकेक माप चारचारदा घेत बसायची, मग कापडच परत करायला लागली. मशीनवर आता चादर टाकलेली असते. बाईंच्या मेहनतीनं भावोजींना दहाबारा शब्द बोलता येतात. त्या दुपारबद्दल त्यांतला एकही ते खर्च करत नाहीत. नुसते माझ्याकडे बघतात. मला ते बघणं सोसत नाही.

परवा ताईनं पावडरीचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"आजपासून तूच घालत जा. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

भावोजी समोरच बसले होते. सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. मी सुरी मागून घेतली आणि चमच्यातली पावडर काठाबरोबर सपाट केली.