कूलरचं पाणी

इरा, मिहिर — हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आईलाही नाही. आजोबांना ठाऊक आहे, पण त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

तुमच्या खोलीत माझा फोटो आहे ना — पांढऱ्या बुटांतला, चेहरा घामाने निथळलेला? खाली तुम्ही लिहिलंय, 'आमची शूर आजी'. रविवारी व्हिडिओ कॉलवर तो तुमच्या मागे दिसतो आणि मी नजर दुसरीकडे वळवते. का? तेच लिहायला बसले आहे.

कॅन्सरचे उपचार संपले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते — आता रोज चालायचं, हात हलता ठेवायचा. तुम्ही बूट पाठवलेत. मी नाड्या नीट ओवल्या आणि बूट जागेवर ठेवून दिले. माझं सगळं जागच्या जागी असतं, नाही का? मीही घरातच होते. एका बाजूने सपाट छाती, विरळ केस — गल्लीने पाहिलं तर? एवढंच. मोठं कारण नव्हतं.

तुम्ही विचारायचात, "आजी, फिरलीस?" मी म्हणायचे, "हो." मग तुम्ही फोटो मागितलात. आजोबा अंगणात कूलर भरत होते. मी बूट चढवले, त्यांच्या हातातली नळी घेतली आणि तोंडावर, मानेवर पाणी मारलं.

"झाली वाटतं नागपूर-प्रदक्षिणा!" आजोबा म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला.

तिथेच थांबले असते तर — पण नाही. तोच फोटो मी आमच्या ग्रुपवर टाकला, माझ्यासारख्याच उपचारांतून उठलेल्या बायकांच्या. खाली लिहिलं: मी रोज चालते, तुम्हीही चाला. केवढं कौतुक झालं! ते मी घेतलं.

त्याच आठवड्यात ग्रुपमधल्या विमलताई दारात. मूळच्या पारशिवनीच्या, इथे मागच्या गल्लीत लेकीकडे राहायच्या. "तुमचा फोटो पाहून निघालो जी घरातून. एकटीले भेव लागते, मले सोबत घेऊन चला ना."

मी पडद्यामागे होते. आजोबांना सांगायला लावलं — ती फिरून आली. विमलताई एकट्याच गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला फटीतून दिसल्या — कोपऱ्यावरची भिंत धरून उभ्या, धाप लागलेली. जरा वेळाने पुन्हा चालू लागल्या. भीती वाटते म्हणून सोबत मागणारी बाई. आणि मी?

पुढच्या सकाळी मीच दार उघडलं. बूट घालायला पायरीवर बसले तर त्यांना बुटांचे कोरे तळ दिसले.

"काहून वं बाई, हे तं अजून दुकानातलेच दिसून राहिले!" त्या हसल्या, माझा चांगला हात धरला, आणि पुन्हा तो विषय कधीच काढला नाही.

आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत — असं त्यांनी मला हात हलवत चालवलं. आज ऑपरेशनच्या बाजूचा हातही वरच्या फळीवरचा डबा काढतो, जिना चढून मी गच्चीवर पापड वाळत घालते. हे सगळं विमलताईंचं देणं आहे. देवापुढे हात जोडते तेव्हा आधी त्यांचं नाव येतं.

पण ग्रुपच्या भेटीला नवी बाई आली की विमलताई अजूनही सांगतात — या बाईंचा फोटो पाहून मी उठलो. आणि मी शेजारी बसून मान डोलावते.

बूट आता टाचेला झिजलेत. ते चालणं खरं आहे. तुमच्या भिंतीवरच्या फोटोत मात्र घाम नाही. ते कूलरचं पाणी आहे.