कॉम्प्रेसर गेला नव्हता

“कॉम्प्रेसर गेलाय म्हणाला आधीचा मेकॅनिक. सोळा हजार लागतील, पार्ट यायला तीन दिवस. दादा, मला उद्या सकाळी आठशे चॉकलेटं द्यायचीयत!”

दार उघडता उघडताच रेवतीताईंनी हे एका दमात सांगितलं. सर्जापूर रोडवरचा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, एप्रिलची दुपार. त्यांची एक बेडरूम म्हणजेच कारखाना. साचे भरून ठेवलेले, पण एसी बंद असल्यामुळे चॉकलेट घट्ट होईना. लग्नाची ऑर्डर होती, आणि एवढी मोठी पहिलीच.

मी मूळचा निपाणीचा. बेंगळुरूत एसी दुरुस्त करतोय त्याला बावीस वर्षं झाली. कॉम्प्रेसर म्हणजे बाहेरच्या युनिटमधला गॅस फिरवणारा पंप. एसीतला सगळ्यात महाग भाग. त्यामुळे तो ‘गेला’ असं कुणी म्हटलं की मी आधी वीज तपासायचा मीटर काढतो.

“आधीच्या माणसानं मीटर लावला होता?”

“नाही. नुसता कान लावून ऐकलं.”

बाहेरचं युनिट बाल्कनीत होतं. त्याच्यासमोर प्लॅस्टिकची जाड शीट तारेनं बांधलेली. मी ती सोडायला लागलो तसे ताईंचे सासरे मागे येऊन उभे राहिले. जन्म इथल्याच जयनगरात गेलेला, बँकेतून रिटायर.

“सावकाश हं, अण्णा. कबुतरं फार घाण करतात म्हणून मी लावलीय ती. काम झालं की होती तशी बांध.”

“बांधतो, काका.”

मीटर लावला. कॉम्प्रेसरची वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, ठणठणीत. शेजारचा कपॅसिटर मात्र फुगलेला. मोटर सुरू व्हायला लागणारा जोर हा छोटा डबा देतो. तो गेला की कॉम्प्रेसर नुसता घुं घुं करतो, फिरत नाही. नवा बॅगेत होताच. बसवला. पाइप गार झाला. शीट परत बांधली, काकांच्या देखरेखीखाली. ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

वीस मिनिटांनी कॉम्प्रेसर बंद पडला.

ताई साच्यांकडे बघत राहिल्या. तो आधीचा माणूसच बरोबर असेल तर? युनिटला हात लावला, तर पत्रा चटका देत होता. आणि मग मला माझीच लाज वाटली. बाहेर फेकलेली गरम हवा शीटवर आपटून युनिटमध्येच परत येत होती. कॉम्प्रेसर तापून बंद पडला, आणि आधीचा कपॅसिटर शिजला तोही त्याच उष्णतेनं. आणि ती शीट आत्ता मी स्वतःच्या हातानं बांधली होती!

“काका, ही शीट काढावी लागेल.”

“आणि कबुतरं?”

“जाळी लावा. जाळीतून हवा जाते.”

काकांनी सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सरी, ठीक आहे. काढ.” मग स्वतःच पक्कड आणून तारा तोडल्या.

युनिट निवेपर्यंत थांबलो, परत चालू केलं. यावेळी तासभर जागचा हललो नाही. पहिला साचा टेबलावर उलटा केला, तशी चॉकलेटं खटाखट सुटून पडली. ताई हसल्या.

बिल साडेबाराशे. व्हिजिटचे चारशे, कपॅसिटर फिटिंगसकट साडेआठशे.

“एवढ्याशा डब्याला?” काका म्हणाले. “हे तुमचे भाव असतात तरी किती?”

मी सांगितलं. साधी सर्व्हिस पाच-सहाशे. गॅस भरायचा तर अडीच-तीन हजार, पण लीक शोधून बंद केलं तरच. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. सर्किट बोर्डची दुरुस्ती तीन ते पाच हजार. कॉम्प्रेसर खरंच गेला, तर बारा-पंधरा हजारांच्या पुढे. अशा वेळी एसी जुना असेल तर मी नवा घ्यायला सांगतो.

“आणि शीट काढायचे?”

“त्याचे काही नाही. ती परत बांधणारा मीच ना!”

काकांनी पैसे दिले आणि जाळीवाल्याचा नंबर मागितला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा मेसेज आला, आठशे नग पोचले.

लोक मला फोनवरच विचारतात, “रिपेअरला किती लागतील?” मी सांगतो, आधी बिघाड कळू द्या. कोणी न उघडताच आकडा सांगितला, तर तो दुरुस्तीचा नसतो, तुमच्या घाईचा असतो.