इथं कुणी राहत नाही

सुदानहून विद्यापीठात शिकायला आलेल्या एका पोरानं मला चोरीच्या आळातून सोडवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय त्यात माझी लाज लई आहे, आणि लाजेपायी माणूस उपकार सांगायचं विसरतो.

मी किनवटच्याही पलीकडचा. सातवीत शाळा सुटली. उस्मानपुऱ्यातल्या एका बिल्डिंगमध्ये जिन्याखालच्या खोलीत राहून वॉचमनचं काम करायचो. कामाला लागलो त्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी साहेबांनी गेटची किल्ली दिली आणि एकच गोष्ट शिकवली.

"पोलीस येवो, महापालिकेचा येवो, वसुलीवाला येवो. अमुक माणूस राहतो का म्हणून विचारलं तर काय सांगायचं?"

"काय सांगायचं, साहेब?"

"इथं कुणी राहत नाही, मला माहीत नाही. बस."

निम्मे भाडेकरू बिनकागदाचे होते, म्हणून ही शिकवण. मी ते वाक्य असं घोटलं की झोपेतून उठवलं तरी तोंडातून तेच निघावं.

हा पोरगा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. घरमालक पुण्याला. पोराचे कागद मात्र सगळे पक्के होते. रसायनशास्त्रात पीएचडी करत होता. जिन्यात लहान पोरं "ए हबशी" म्हणून ओरडून पळायची आणि त्यांच्या आया दारात उभ्या राहून हसत हसत रागवायच्या. पहिल्या मजल्यावरच्या बाई त्याला बघितलं की धाडकन दार लावायच्या. आठवड्यातून एकदा नळाला पाणी. त्या दिवशी सेक्रेटरी साहेब सांगायचे, "तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह लवकर फिरवून बंद कर. एकटा जीव, त्याला कशाला एवढं पाणी?" मी फिरवायचो. त्याला माहीत होतं मीच फिरवतो. तरी दुपारी वरून हाक यायची, "चाचा, चाय पीने आव." कॉलेजातल्या पोरांकडून तो इथली हिंदी शिकला होता. काळा चहा, साखर इतकी की ओठ चिकटावेत.

अशाच एका दुपारी मी वर चहा पीत होतो आणि खाली पाण्याची मोटर गायब झाली.

सेक्रेटरी साहेबांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये जमवलं. "गेटवर तू होतास ना? का नव्हतास?"

नव्हतो म्हणावं तर कुठं होतो ते सांगावं लागणार. त्याच्या घरी चहा पितो हे कळलं असतं तर चोरीपेक्षा मोठा गुन्हा झाला असता.

"विकली असेल भंगारात," एक जण म्हणाला. "गावाकडं पैसे लागत असतील."

"बोलव पोलिसाला."

तेवढ्यात तो पायऱ्या उतरून आला. "चाचा मेरे रूम पे था. पूरा टाइम. मैं बुलाया उसको."

"तुला कुणी विचारलं?" सेक्रेटरी साहेब म्हणाले. "स्वतः पाहुणा, अन् दुसऱ्याची साक्ष द्यायला निघालाय!"

"झूट बोलूं क्या?" तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.

संध्याकाळी कळलं, सेक्रेटरी साहेबांच्याच मुलानं मिस्त्रीला बोलावून मोटर वाइंडिंगला पाठवली होती. सांगायचं राहून गेलं म्हणे. माझी माफी कुणी मागितली नाही. उलट सगळा राग त्या पोरावर निघाला. चार दिवसांत नोटीस लागली, यापुढं परदेशी भाडेकरू ठेवू नयेत. त्याच्या सायकलची हवा रोज कोण सोडायचं ते मला माहीत होतं. मी काही बोललो नाही.

मग एका सकाळी एक हवालदार आला. हातात कागद, कागदावर त्या पोराचा फोटो. "हा इथं राहतो का?"

धरायलाच आले, असं वाटलं. तोंडातून आपोआप निघालं, "नाय साहेब. इथं कुणी राहत नाय. मला नाय माहीत."

हवालदारानं लिहून घेतलं आणि गेला. मी धावत तिसरा मजला गाठला. "पोलीस आला था. मैंने बोला, कोई नहीं रहता. बचा लिया तेरे को!"

तो खालीच बसला. मग हळूहळू मला समजावलं. व्हिसाची मुदत वाढवायला त्यानं स्वतःच अर्ज केला होता. दिलेल्या पत्त्यावर राहतो का, एवढंच बघायला पोलीस आला होता. मुदत वाढली नाही तर देश सोडायचा. आणि जायचं कुठं? तिकडं लढाई, त्याची गल्लीसुद्धा उरली नव्हती. प्रबंध लिहून संपायला पाच महिने होते.

मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सेक्रेटरी साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आता हेच पक्कं ठेव. फिरवाफिरवी केलीस तर गाठोडं बांधायचं."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत परदेशी लोकांची नोंद ठेवतात त्या पोलीस ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून वर बघितलं.

"काल नाही, आज हो? किती घेतले रे याच्याकडून?"

"काही नाय साहेब. भीतीनं बोललो."

"कुणाची भीती?"

"तुमचीच."

बाजूचा शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. "शिक्षण किती?"

"सातवी."

"मग लिही स्वतःच्या हातानं. खोटं निघालं तर आत टाकीन."

कागद पुढं आला. शाळा सुटल्यावर सहीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. चार ओळी लिहिताना घाम फुटला. हा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी काल खोटं बोललो, असं लिहिलं. तोच हवालदार पुन्हा आला, खोली बघून गेला. मुदत वाढली.

माझी खोली त्याच आठवड्यात रिकामी करून घेतली. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा." ट्रंक रिक्षात ठेवायला तो पोरगा एकटा खाली आला. आता मी पुंडलिकनगरात एका गोदामावर आहे. हे कामसुद्धा त्यानंच त्याच्या किराणावाल्याला सांगून मिळवून दिलं.

मी पोलिसांपुढं खरं बोललो ते माझंच खोटं निस्तरायला. त्यानं त्या पार्किंगमध्ये खरं सांगितलं तेव्हा त्याचं काहीच अडलं नव्हतं. तो उपकार अजून अंगावर आहे. पदवी घ्यायच्या वेळी आईला बोलवीन, असं तो म्हणतो, पण तिला ठेवायला जागा कोण देणार, ही काळजी त्याला आत्तापासून लागलीय. ती जागा मी देणार. माझ्या नावावर खोली घेईन, पाणी भरून ठेवीन, आणि दारात कुणी विचारायला आलं तर सांगीन, हो, माझ्याकडंच राहतात.