आधी पाणी, मग नाव

कमलबाईंची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांना माझे नाव ठाऊक नव्हते आणि ते विचारण्याची त्यांना घाईही नव्हती. डोंगरकडा या गावी एस.टी.तून उतरून भर उन्हात चालत मी शाळेच्या गावी पोचले. शाळेशेजारच्या घराच्या ओट्यावर बाई उभ्या होत्या. त्यांनी रांजणातून पेला भरून दिला, मग दुसरा, मग बशीभर पोहे. ते संपल्यावर म्हणाल्या, "आता सांगा, कोण तुमी?" त्यांच्याच शाळेची नवी शिक्षिका मीच, हे कळल्यावर त्या खळखळून हसल्या.

बाईंच्या अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला त्यांचा हा एकच नियम सांगायचा आहे. दारी आलेल्या अनोळखी माणसाला आधी पाणी, मग नाव. त्याचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले.

"माझ्या मायला, धुरपदाला, सगळे आधी इचारायचे, कोणाची तू? कळलं की पाणी वरून ओंजळीत. कधी तेबी न्हाई."

आई गेली तेव्हा बाई परगावी शिकत होत्या. तिच्या तोंडात शेवटचा घोट आपल्याला घालता आला नाही, ही खंत त्या लपवीत नाहीत.

नियम मोडला तो मी. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षीच्या चैत्रात मी दुपारी त्यांच्या ओट्यावर वह्या तपासत होते. एक म्हातारी बाई आली. पाय धुळीने माखलेले, डोक्यावर पदर.

"घोटभर पाणी मिळंल का, माय?"

मी पेला दिला आणि सवयीने विचारून बसले, "कोणाच्या तुम्ही?"

तिने ओठांजवळ नेलेला पेला तसाच भरलेला खाली ठेवला आणि ती वळली. बाई आतून अनवाणी धावत आल्या. रस्ता वळणापर्यंत सरळ, दोन्हीकडे मोकळी रानं, तरी कोणी दिसले नाही. धुळीत पाऊल उमटलेले नव्हते. बाई मला रागावल्या नाहीत, पण दिवसभर जेवल्या नाहीत. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तेव्हापासून रोज दुपारी ओट्यावर एक झाकलेला पेला असतो. ऊन कलते तेव्हा तो रिकामा असतो आणि झाकणी शेजारी नीट ठेवलेली असते. मी म्हणे, शेळी पीत असेल. पण झाकणी नीट ठेवणारी शेळी मी अजून पाहिलेली नाही. तुम्हाला भीती नाही का वाटत, असे एकदा विचारले, तर बाई म्हणाल्या, "भ्यायचं काय त्यात? पाणीच तर मागून राहिली."

यंदा चैत्रात बाई तापाने अंथरुणाला खिळल्या. "पेला भरला का?" एवढेच विचारीत. मी भरला आणि उंबऱ्यात बसले.

"घोटभर पाणी मिळंल का, माय?"

तेच धुळीचे पाय. मी मान खालीच ठेवली. प्रश्न ओठांवर होता, तो गिळून मी म्हणाले, "प्या." घोट घेतल्याचा आवाज आला. झाकणी वाजली. मग न विचारता, अगदी जवळून, तिने नाव सांगितले. मी मान वर केली तेव्हा ओट्यावर फक्त ऊन होते.

"पेली का?" बाईंनी आतून विचारले.

"पेली."

त्या संध्याकाळी बाईंचा ताप उतरला. नाव मात्र त्यांना सांगण्याचा धीर मला आजवर झाला नाही, म्हणून पंच्याहत्तरीच्या निमित्ताने इथे लिहिते. बाई, ती म्हणाली, "मी धुरपदा."

तुमच्या हातचे पाणी तुमच्या मायला रोज पोचत होते. तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी पाहा आणि उद्या दुपारचा पेला तुमच्याच हाताने भरा.