खात्याचं खात्यात

परळच्या गिरणीत मी रंगखात्यात होतो आणि माझा थोरला भाऊ साचेखात्यात, म्हणजे मागांवर. गिरणी एक, फाटक एक, लालबागच्या चाळीतली खोलीही एकच. पण एका खात्यातला माणूस दुसऱ्या खात्यात नुसता डोकावला तरी त्याच्यामागे चौकशी लागायची. साहेबांना खात्याखात्यांत चुरस हवी होती. ती सवय घरापर्यंत आली. जेवताना वहिनीने काही विचारलं की दादा म्हणायचा, "खात्याचं खात्यात." मीही त्याचाच भाऊ.

त्या वर्षी आमच्या मास्तरांनी लुगड्यांसाठी नवा पक्का हिरवा रंग बसवला. तो जमला तर रंगखातं टिकणार, नाहीतर कापड बाहेर रंगवायला जाणार, हे आम्हाला तोंडावर सांगितलेलं. नमुना झकास उतरला. मग एकाएकी कापडावर पांढुरके डाग राहू लागले. आम्ही रंग बदलला, पाणी बदललं, एकमेकांवर खेकसलो. मास्तर पार खचले.

त्याच दिवसांत आम्ही दोघे शिवाजी पार्कच्या सभांना जायचो. बेळगाव, कारवार, सगळा मुलूख एक झाला पाहिजे म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचो. परतताना रस्ताभर सरकारला शिव्या. गिरणीबद्दल अवाक्षर नाही.

रंगखातं बंद झालं त्या रात्री आम्ही जेवायला बसलो. मी डागांचं सगळं सांगून टाकलं. आता कसलं खातं आणि कसलं काय! दादाचा हात ताटातच थांबला.

"अरे, खळ बदलली ना आमची. गणपतीच्या आधीच."

सुताला द्यायची खळ त्यांनी चिंचोक्याची केली होती. धागे तुटायचे थांबले म्हणून त्यांचं खातं खुशीत होतं. ती खळ नेहमीच्या धुण्याने निघत नव्हती, कडकडीत पाणी लागत होतं; राहील तिथे रंग धरत नव्हता. एवढंच. दोन्ही खात्यांनी डोकं चालवलं आणि त्यात एक बुडालं. मला दादाचा रागही आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो पाळीवरून आला तेव्हा मी घरीच होतो. वहिनीने गिरणीचं विचारलं. "खात्याचं..." म्हणता म्हणता तो माझ्याकडे बघून थांबला. मग बराच वेळ सांगत बसला, कुठला साचा अडला, सूत कसं येतंय, त्यांचे मास्तर काय नवीन करतायत. मी सगळं नीट ऐकलं. त्यातलं काहीही आता माझ्या उपयोगाचं नव्हतं.