वैशंपायनांचा ब्रेल प्रिंटर

दत्तप्रसाद वैशंपायन तोंडाने फटकळ. "प्रिंटर उत्तम आहे हो, आपणच जरा शिकून घ्या," असं ते कोणालाही ऐकवत. राग यायचा, पण पुन्हा काही अडलं की त्यांनाच बोलवावं लागायचं. शनिवार पेठेत राहणारा हा माणूस. नव्वदीनंतर जो तो संगणक घ्यायला लागला, तेव्हा बुधवार पेठेतल्या एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करून हात बसलेला. पुढे हडपसरला आमची आरोग्यविम्याचे दावे बघणारी कंपनी आली आणि वैशंपायन तिच्या छपाई यंत्रणेचे सर्वेसर्वा झाले. सर्वेसर्वा म्हणजे एकटेच. हाताखाली कोणी नाही.

आमच्या इमारतीतले आणि शाखांतले सगळे प्रिंटर एकाच सर्व्हरवरून चालत. त्या सर्व्हरवर प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर असे. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणकाचं म्हणणं प्रिंटरला कळेल अशा भाषेत सांगणारा. दुभाषा चुकला की पत्राच्या जागी कागदभर चिन्हांचा किचाट यायचा आणि सर्व्हर मात्र ऐटीत सांगायचा, छपाई यशस्वी. म्हणून वैशंपायनांचा एक नियम होता. यंत्राच्या शब्दावर विसंबायचं नाही. कागद ज्याला वापरायचा आहे त्याच्या हातात द्यायचा, त्याने वाचायचा आणि 'बरोबर' म्हणून सही करायची. त्याशिवाय काम संपलं असं ते मानत नसत. "सर्व्हर काय, निवडणुकीला उभा राहिल्यासारखा बोलतो," असं म्हणायचे.

माझ्या शेजारच्या टेबलावर मेहरुन बागवान बसायची. जन्मापासून दृष्टी नाही. लोक फोन करून आपल्या दाव्याचं काय झालं विचारत आणि ती सांगत असे. रोज सकाळी मुख्य यंत्रणेतून दाव्यांची ताजी यादी सर्व्हरवर यायची आणि भांडाराच्या खोलीतला ब्रेल प्रिंटर ती जाड कागदावर ठिपके उमटवून काढायचा. त्याचा आवाज असा की कॅन्टीनमध्ये चहा पिणारे वैतागत. बोलणारे संगणक तेव्हा निघाले होते, पण आमची जुनी यंत्रणा त्यांना दाद देत नव्हती. मेहरुनची बोटं त्या यादीवरून फिरायची आणि फोनवरच्या माणसाला वाटायचं, बाई पडद्यावर बघून बोलताहेत. घरात आई आणि शिकणारी बहीण, पगार हिचाच.

२०१० साली नवा सर्व्हर आला. तो चौसष्ट बिटांचा, जुना बत्तीसचा. जुन्याचे ड्रायव्हर नव्यावर चालेनात. बाकीच्या प्रिंटरांना नवे ड्रायव्हर मिळाले. ब्रेल प्रिंटर बनवणारी परदेशी कंपनी मात्र केव्हाच बंद पडली होती. वैशंपायन विभागप्रमुखांकडे गेले. दिगंबर सर वयाने आमच्याहून लहान, इंग्रजी फाडफाड.

"सर, या एका प्रिंटरपुरता जुना सर्व्हर राहू द्या."

"एका यूजरसाठी? बिझनेस केस काय आहे त्याची, कंपनीला फायदा काय? महिनाअखेर जुना सर्व्हर बंद. तोपर्यंत झालं तर झालं, नाहीतर ते डेस्क क्लोज करू. तसंही आता ऑटोमेटेड व्हॉइस येतोच आहे."

डेस्क क्लोज म्हणे! त्या डेस्कमागे माणूस बसतं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. वैशंपायन बाहेर येऊन मला म्हणाले, "या माणसाला उद्या कोणी क्लोज केलं, तर बिझनेस केस लिहायला मी बसेन."

मग त्यांची झटापट सुरू झाली. जुना ड्रायव्हर नव्या सर्व्हरने उंबऱ्यावरूनच परत पाठवला. दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर लावला, तर ओळी अर्ध्यात तुटायला लागल्या. तिसऱ्याने तर सर्व्हरची छपाईच बंद पाडली. सगळ्या इमारतीची पत्रं अडकली आणि वैशंपायनांना मजल्यामजल्यावर बोलणी खावी लागली. कामाच्या दिवशी प्रयोग बंद, असा हुकूम निघाला. राहिले रविवार. आणि नेमकी त्याच महिन्यात त्यांची बायको पूर्णिमा दवाखान्यात होती. काविळीचं निमित्त झालं आणि यकृतच निकामी होत गेलं. मूल नव्हतं. दोघंच एकमेकांना. वैशंपायन रविवारी सकाळी तिच्यापाशी बसायचे, दुपारी हडपसरला यायचे. वाचून बघायला मेहरुनही यायची. तिच्याशिवाय तो कागद वाचणार कोण?

शेवटच्या रविवारी काय झालं, ते मला पुढे दोघांनीही आपापल्या तोंडाने सांगितलं.

त्या दिवशी वैशंपायनांनी नुसता मजकूर पाठवणारा एक साधा ड्रायव्हर लावला होता. आधी त्यांनी एक नमुन्याचं पान काढलं. मेहरुनने वाचलं, शब्दन् शब्द नीट. मग खरी यादी काढली. तेवढ्यात मेहुणीचा दवाखान्यातून फोन आला. "येतो, आलोच." पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "तिला सांग, निघालोय." मेहरुन समोर बसून यादीवरून बोटं फिरवत होती, आणि तिला कळलं की आकडे बिघडले आहेत.

ब्रेलमध्ये आकड्यांना स्वतःची वेगळी अक्षरं नसतात. इंग्रजीची पहिली दहा अक्षरंच आकडे होतात. फक्त त्यांच्या आधी एक खूण उमटावी लागते. ती खूणच या ड्रायव्हरने गाळली होती. दाव्याचा क्रमांक वाचावा तर ओळीने ए, बी, सी, डी. नाही म्हटलं असतं तर हा माणूस संध्याकाळपर्यंत उठला नसता, हे मेहरुनला पक्कं माहीत होतं.

"बरोबर आलंय," ती म्हणाली.

"आकडे?"

"आकडेही बरोबर. कुठे करायची सही? तुम्ही निघा आता, वैशंपायनसाहेब."

वैशंपायन निघाले. पूर्णिमाबाई त्या संध्याकाळी शुद्धीवर होत्या. नवऱ्याचा हात धरून बोलल्या, घरातल्या कुंड्यांना पाणी घाला म्हणाल्या, मोसंबीचा रस घोटभर त्याच्या हातून प्यायल्या. पहाटे गेल्या.

दिवसकार्य आटोपून वैशंपायन कामावर आले ते आधी मेहरुनच्या टेबलाशी आले. मी तिथेच होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून टोमणा नसलेलं वाक्य ऐकलं. "मेहरुनबाई, त्या दिवशी तुमचं पान पहिल्या फटक्यात बरोबर आलं म्हणून पूर्णिमा मला भेटली. मी हे विसरायचो नाही." आणि ते रडले. भर ऑफिसात, रुमालही न काढता.

आता सांगा, यावर तिने काय म्हणावं? ते परत आले की सांगायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं. ते राहिलंच. मला विचाराल तर मीही नसतं सांगितलं.

जुना सर्व्हर बंद झाला. मेहरुन मनातल्या मनात ए चा एक, बी चे दोन करत काम ओढू लागली. क्रमांकात नुसते आकडे होते तोवर निभावलं. पुढे कंपनीने क्रमांकांच्या मध्येच इंग्रजी अक्षरं घातली आणि अक्षर कुठलं, आकडा कुठला, हे ओळखायला काही उरलं नाही. ती नावावरून, गावावरून अदमास घ्यायची. संध्याकाळी तिचं डोकं ठणकायचं. मी विचारलं तर "झोप झाली नाही" म्हणायची.

एक दिवस बारामतीच्या एका बाईंचा फोन आला. नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं. त्याच आडनावाच्या, त्याच गावच्या दुसऱ्या कोणाचा दावा नामंजूर झाला होता. मेहरुनने तो यांचा समजून सांगितला. त्या लोकांनी ऑपरेशन रद्द करून माणसाला घरी नेलं. चूक आठवड्याने उघडकीला आली. तो माणूस वाचला, पण मरता मरता वाचला. तक्रार आली, चौकशी बसली. दिगंबर सरांनी सहीचा कागद समोर धरला. ज्याला दिसत नाही अशा माणसाला कागद दाखवणारा तो जगातला पहिलाच साहेब असेल.

"यू सर्टिफाइड इट. आकडे बरोबर आहेत म्हणून सही आहे तुमची."

"माझी चूक आहे," मेहरुन म्हणाली. का केली, ते तिने सांगितलं नाही. "त्या बारामतीच्या ताईंना मला एकदा फोन करू द्या, माफी मागायची आहे." तेवढंही करू दिलं नाही. महिन्याची मुदत देऊन तिला काढलं.

वैशंपायनांनी हे ऐकलं आणि भांडारात जाऊन जुन्या सर्व्हरच्या वेळची यादी शोधून काढली. ब्रेल येत नव्हतं, पण दोन कागद शेजारी ठेवून ठिपके ताडून बघता येत होते. प्रत्येक आकड्याआधी काहीतरी गळालंय, हे त्यांना उमगलं. नव्या ड्रायव्हरमध्ये देशानुसार चिन्हं ठरवायची एक सोय होती आणि ती चुकीच्या देशावर होती. एवढंच. ती बदलून त्यांनी यादी काढली. चहा थंड व्हायच्या आत काम झालं.

मेहरुनच्या शेवटच्या दिवशी तो कागद घेऊन ते आले. ती खणातल्या वस्तू पिशवीत भरत होती. वैशंपायन खुर्ची ओढून समोर बसले.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"हो."

"मग बरोबर का म्हणालात? अर्ध्या तासाचं काम होतं हो ते!"

"ते मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, रात्र होईल," मेहरुन म्हणाली. "आणि फोन सारखा वाजत होता."

वैशंपायनांनी रागवावं तर ती संध्याकाळ तिनेच दिलेली. आभार मानावेत तर तिच्या घरची चूल त्या संध्याकाळपायी विझायला आलेली. मला त्या दोघांकडे बघवेना. शेवटी त्यांनी कागद तिच्या हाताखाली सरकवला. मेहरुनने पिशवी बाजूला ठेवली आणि सवयीने वरपासून खालपर्यंत सगळी यादी वाचली.

"आता बरोबर आलंय," ती म्हणाली. "आकडेही."

वैशंपायन तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"खरं सांगताय ना?" त्यांनी विचारलं.